दयाराम काकांच्या गच्चीवरचा समुद्र

आमचे शेजारी दयाराम काका रोज चार वाजता गच्चीवर चढून समुद्राची वाट पाहतात. पांढुर्ण्यात. इथे चहूकडे संत्र्याच्या बागा, खारं पाणी म्हणाल तर वरणातलं.

डोळे मिटलेले, तोंड पश्चिमेला. मी वाळलेले कपडे काढायला गेले की म्हणतात, "थांब पोरी, वारा येऊन राहिला." मग मीही उगाच थांबते. ऊन पिवळं होतं, दोरीवरचे कपडे फुगतात, अन् खरं सांगते, कुठेतरी लाट फुटल्यागत वाटतं.

काका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट होते. काकू गेल्या. एकुलती एक लेक नंदा जहाजावर, समुद्राच्या हवेतलं आयोडीन तपासते. दोन वर्षांत घरी आली नाही. रविवारी फोन करते, दोन मिनिटं. जेवले का, गोळी घेतली का, ठेवते. काकांचा सारा जीव त्या दोन मिनिटांत.

"पाण्यातून आयोडीन उडते, हवेतल्या बारीक कणाले चिपकते, अन् निघते वाऱ्यावर," काका सांगतात. "तिच्या जहाजावरची हवा इथं येतेच. पकडाले पाह्यजे फक्त."

आयोडीन लागलं की खळ निळी पडते. म्हणून त्यांनी माझ्याकडून धोतराला कडक खळ घालून घेतली अन् ते वाऱ्यावर टांगलं. आता पांढऱ्या कपड्याला खळीसोबत नीळ द्यायची, ही आमच्या हाताची खोड. पडले चार थेंब.

रविवारी वाळलेल्या धोतरावर निळे डाग. तेवढ्यात फोन वाजला.

"नंदा, तुझी हवा आली वं."

त्या दिवशी बापलेक तासभर बोलले. काका हसत होते, अन् मी ते डाग पाहत होते.

संध्याकाळी न राहवून सांगितलं, "काका, ती नीळ होती. माझ्याच हातून पडली."

"मालूम हाय," काका शांतपणे म्हणाले. "जिंदगी लॅबमध्ये गेली माही. नीळ नाही वळखत का मी?"

"मग तिला काऊन सांगितलं तसं?"

काका धोतराची घडी घालता घालता म्हणाले, "ती म्हणे, बाबा, असं होऊच शकत नाही, मी स्वतः येऊन पाहते. येऊ दे. खोटं पकडाले येईल, पण येईल नं."