पेडणेकरबाईंचं समुद्रावरचं गाव

आमच्या हाटकेशच्या सोसायटीत कुणी नवीन राहायला आलं, की समोरच्या पेडणेकरबाई आधी विचारायच्या, "समुद्रावर घर मिळालं, तर तुळस कुठल्या बाजूला ठेवाल?" नवीन माणूस गोंधळून आमच्याकडे बघायचा.

ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. बाई पूर्वी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी तरंगत्या गावाचं काम हाती घेतलं. "जमीन संपत आलीय," त्या म्हणायच्या. "पुढच्या लोकांनी जायचं कुठे? कुणीतरी आतापासून बघायला नको?"

गॅलरीतल्या टबात थर्माकोलची घरं तरंगत असायची. शाळा होती, दवाखाना होता, भजनाला मंडप होता. भांडकुदळ शेजाऱ्याचं घर सोडवून दुसरीकडे नेऊन बांधायची सोयही होती. ती बघून दुसऱ्या मजल्यावरच्या शहाभाईंनी विचारलं, "बाई, ये सिस्टम अपनी बिल्डिंग में नहीं बैठेगा क्या?"

बाईंचे यजमान खिडकीशी बसून हे सगळं बघायचे. एके काळचे बस कंडक्टर. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. आमचा मजला चौथा आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. आजारपणापासून ते खाली उतरलेच नव्हते.

एकदा मी म्हटलं, "बाई, सगळी घरं बैठीच का? मजले चढवा, जास्त माणसं मावतील."

"माझ्या गावात जिना नाही," त्या एवढंच म्हणाल्या आणि टबातलं पाणी हाताने हलवत राहिल्या.

त्या रविवारी मी, शहाभाई आणि वॉचमन, आम्ही पेडणेकरांना खुर्चीत बसवून खाली आणलं आणि रिक्षाने तारोडीच्या समुद्रावर नेलं. किनाऱ्यावर खुर्ची मांडून पेडणेकरांना बसवलं, तेव्हा बाई हात लांब करून दाखवू लागल्या. "तिथं शाळा येणार. त्या होडीच्या अलीकडे आपलं घर."

पेडणेकरांनी पाण्याकडे बघितलं. मग सावकाश म्हणाले, "मासळी... बाजार?"

बाई थबकल्या. एवढं सगळं गाव वसवलं, पण मासळीबाजार राहूनच गेला होता. पूर्वी रोज सकाळी पिशवी घेऊन मासे आणायला जायचे ते पेडणेकरच.

"घराला लागूनच काढते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला एकट्याला जाता येईल, एवढ्यावर."

पेडणेकरांनी मान डोलावली.

"ताजी... बघून आणीन," ते म्हणाले.