माळ्यावरची आजेसासू

“हे तुमच्यापैकी एकालाही खरं वाटायचं नाही. नाही तर नाही, अडलंय माझं खेटर!” माईक हातात येताच कुसुमबाईंनी नरपडच्या वाचक मेळाव्याला दम भरला.

मेळावा दरवर्षी वाचनालयाच्या खोलीत व्हायचा. पण त्या हिवाळ्यात तलासरी-डहाणूची जमीन ऊठसूट हलत होती, म्हणून मंडप मैदानात टाकला होता. झरीकडची माणसं तर घर असून अंगणात राहत होती. कुसुमबाईंच्या चिकूच्या वाडीतही मुलानं, जतीननं, निळ्या ताडपत्रीचा तंबू ठोकला होता आणि आईबापांना निर्वाणीचं सांगितलं होतं, “दोघांपैकी एक जरी घाबरून तंबूत शिरलं, तर दोघांची रवानगी विरारला, ताईच्या फ्लॅटवर.”

“मी घर सोडायची नाही,” कुसुमबाई म्हणाल्या होत्या.

“तंबू बायकापोरांसाठी,” तात्या, त्यांचे यजमान, म्हणाले होते. “मी आपला विहिरीवर छाती काढून उभा राहीन.”

मग घरात आपण किती निवांत असतो हे दाखवायला कुसुमबाईंनी वाचनालयातली सगळ्यात भयंकर कादंबरी मागून आणली होती. जुनी, विलायती, मराठीत आणलेली. कड्यावरचा वाडा, वादळ, आणि माळ्यावरून काठी टेकत उतरणारी मेलेली आजेसासू.

“तर कादंबरी,” कुसुमबाई म्हणाल्या. “मला पटली नाही. त्यातली नवी सून मेलेल्या आजेसासूला बघून दर प्रकरणात बेशुद्ध पडते. अगं बये, मी जिवंत सासूजवळ जन्म काढला, एकदा तरी पडले का? पडले असते तर भाकऱ्या कोण थापणार होतं? घाबरायला सवड लागते हो! त्या वाड्यात नोकर ढीगभर, म्हणून ही थेरं.”

मंडप हसला. कुसुमबाईंना चेव आला.

“आता ऐका. जतीन आणि मयूरी चिकू विकायला मसोलीला गेलेले. मी एकटी झोपाळ्यावर. म्हातारी माळ्याचं दार उघडते, त्या पानावर आले, आणि वर खरंच काहीतरी हललं. टक. मग जिन्यावर टक, टक, टक. पायरी पायरी करत कोण खाली येतंय!”

“अगं बाई!” सून मयूरी पहिल्या रांगेतून म्हणाली. “मग हो?”

“मग काय? मी पान दुमडलं आणि म्हटलं, आजेबाई, आलाच आहात तर चहा घेऊन जा, पण दूध नाही, कोरा चालेल का? बघते तर माळ्यावर पिकत घातलेले चिकू! धक्क्यानं एकेक जिना उतरत होते. घर गदागदा हलतंय, आणि मी आपली चिकू वेचून ओच्यात भरतेय. वेचले, पुन्हा झोपाळ्यावर बसले आणि प्रकरण संपवलं.”

टाळ्या पडल्या. जतीननं मात्र हात वर केला.

“आई, पुस्तक तंबूत कसं सापडलं मग?”

कुसुमबाईंनी माईक या हातातून त्या हातात घेतला. तात्या मंडपाच्या कापडावरची फुलं बघत होते.

“शेवट आवडला नाही म्हणून मीच भिरकावलं. वाडा कोसळतो म्हणे! खिडकीतून गेलं ते थेट तंबूत.”

“आणि तुझा चष्मा?”

“पुस्तकातच होता. खूण म्हणून.”

“आणि डाव्या पायातली चप्पल?”

“ती पुस्तक आणायला निघाली असेल!”

लोक हसून लोळायला लागले. जतीनसुद्धा हसला आणि खाली बसला. विरार टळलं होतं. कुसुमबाईंनी तिथंच माईक ठेवला असता तर आज सगळं ठीक असतं. पण टाळ्यांची नशा वाईट.

“नेम काय होता सांगू?” त्या म्हणाल्या. “पुस्तक तंबूत पडलं आणि आतून केवढ्यानं केकाटलं! कुठलं तरी भित्रं कुत्रं धक्क्याला घाबरून माझ्याच गोधडीत तोंड खुपसून बसलं होतं. नुसतं लटलट कापत. असलं भेकड जनावर मी—”

पहिल्या रांगेतली खुर्ची धाडकन मागं पडली. तात्या ताडकन उभे राहिले होते.

“कुत्रं कुणाला म्हणतेस गं?” ते गरजले. “आणि पुस्तक फेकलं म्हणे! पुस्तकासकट, चष्म्यासकट तूच येऊन आदळलीस माझ्या पोटावर!”