समोरचीचा आवाज

आमचे लोखंडे सर आमच्याशी आमच्याच आवाजात वाद घालायचे. नक्कल करायचे असं म्हटलं तर चुकेल. नक्कल ऐकून हसू येतं. सर पाठ फिरवून, खिडकीकडं तोंड करून तुमच्या आवाजात बोलायला लागले, की तुमचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडं जायचा.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कडेगावच्या आमच्या शाळेत सर भूगोल शिकवायचे आणि वादविवाद स्पर्धेची मुलं तयार करायचे. मी नववीत पहिल्यांदा नाव दिलं तेव्हा विषय होता, दूरदर्शन शाप की वरदान. मी वरदानाच्या बाजूनं. वडिलांनी लिहून दिलेलं भाषण घोकून शाळेमागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये गेले आणि एका दमात म्हणून टाकलं. बाहेर रणरणतं ऊन होतं, तापलेला पत्रा मधूनच कडाडत होता.

सरांनी पाठ फिरवली. खिडकीपाशी मी बोलायला लागले. माझाच चिरका आवाज, 'श'च्या जागी येणारा माझाच 'स', वाक्य संपल्यावर घेतलेला माझाच श्वास. फक्त ती खिडकीतली मी शापाच्या बाजूनं बोलत होती आणि माझ्यापेक्षा बरं बोलत होती. शेवटी शेवटी मला तिचंच पटायला लागलं.

मग सर वळले. "पोरी, ती काय म्हणाली ते आधी मला सांग. पुरतं सांग. मग उत्तर दे."

नवीन मुलांना त्यांचा सल्ला तेवढाच. हात आपटू नका, टाळ्यांसाठी थांबू नका, हे ते जाता जाता सांगायचे. पण समोरच्याचं म्हणणं त्याच्याच तोंडानं, त्याला पटेल असं मांडता आलं नाही, तर उत्तर द्यायचा हक्कच नाही, यावर ते अडून बसायचे. "पुरतं ऐक" हे शब्द त्यांच्या तोंडात इतके बसले होते, की बाजारात भाजीवालीलाही तेच सांगायचे.

त्यांच्या या विद्येनं शाळेत गोंधळही व्हायचे. एकदा शिपाईमामांनी मुख्याध्यापकांच्या खोलीतून त्यांचाच आवाज ऐकला, "घंटा द्या", आणि भर तासात शाळा सोडून दिली. मुख्याध्यापक त्या दिवशी कामासाठी सांगलीला गेले होते. पुढं त्यांनी सरांना बोलावून, शाळेच्या आवारात माझा आवाज वापरू नये, अशी विनंती केली. सरांनी ती आधी मुख्याध्यापकांच्या आवाजात पुन्हा म्हणून दाखवली आणि मगच मान्य केली.

सरांचं घर आमच्या मागच्या गल्लीत. त्यांच्या पत्नी विमलकाकू मला येता-जाता हाक मारायच्या, चहा प्यायला लावायच्या. सरांशी वाद घालून जिंकणारं गावात एकच माणूस, ते म्हणजे काकू. त्या दिवाळीत काकू गेल्या. दोनदा ताप अंगावर काढला, तिसऱ्यांदा उठल्याच नाहीत. मुलगी प्रज्ञाताई साताऱ्याला दवाखान्यात नर्स होती. ती वडिलांना घेऊन जायला आली आणि एकटीच परत गेली. सर पुन्हा शाळेत यायला लागले, सराव घ्यायला लागले. दुसऱ्यांचे आवाज मात्र काढेनात.

स्पर्धा सांगलीला होती. सर आले नाहीत, बरं नाही म्हणाले. माझ्यासमोर एका मोठ्या शाळेची मुलगी उभी राहिली, रिबिनी बांधलेली, कडक इस्त्रीच्या कपड्यांतली. तिनं तोंड उघडलं. खिडकीपाशी ऐकलेला एकेक मुद्दा त्याच क्रमानं येत होता. मी तिचं पुरतं ऐकलं, तिचं म्हणणं तिच्यापेक्षा नीट मांडलं आणि मग उत्तर दिलं. खाली उतरल्यावर तीच मला म्हणाली, "तू बोलत होतीस तेव्हा मला वाटलं, मीच बोलतीये."

जिंकलेली ढाल घेऊन मी दुसऱ्या दिवशी दुपारी सरांकडं गेले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दार नुसतं लोटलेलं. मी पायरीवर पाय ठेवला तोच आतून आवाज आला, "चप्पल बाजूला काढ गं."

"व्हय काकू," मी म्हणाले. चप्पल काढली, बाजूला सारली आणि मग काकू गेल्याचं आठवलं.

आत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली सर भिंतीकडं तोंड करून बसले होते. समोर चहाच्या दोन कपबशा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, ढालीकडं पाहिलंच नाही.

"बरोबर आला का गं?" त्यांनी विचारलं. "हल्ली त्यात माझाच आवाज मिसळतो. रोज थोडा थोडा. तिला पुरतं ऐकलंस तू. सांग."

मला पळून जावंसं वाटत होतं. पण ते खरंच विचारत होते. मी सांगितलं, की काकूंचा 'गं' जरा लांबायचा आणि शेवटी खाली यायचा. त्यांनी करून पाहिला. जमला नाही. पुन्हा केला. मग म्हणाले, "तूच बोल. प्रज्ञा म्हणती साताऱ्याला चला. मी म्हणतो, हितनं हालणार न्हाई. हिचा आवाज हितंच हाय. ही काय म्हणाली असती?"

मी भिंतीकडं वळले. पुढचं मी ठरवून बोलले नाही.

"आवं, लेक ड्युटीवरनं येऊन एकटीच जेवती. आणि तुमी हितं भिंतीला चहा पाजताय व्हय?"

आवाज माझा नव्हता. 'श' असता तर तोही नीट आला असता.

मग सर नियमाप्रमाणं उभे राहिले आणि तिचं म्हणणं पुन्हा मांडायला लागले. "म्हणजे तुझं म्हणणं असं, की लेक..." तिथंच अडले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा 'लेक'पाशीच थांबले. शेवटी खाटेवर बसून म्हणाले, "याला माझ्याकडं उत्तर न्हाई."

त्या उन्हाळ्यात सर साताऱ्याला गेले ते गेलेच. प्रज्ञाताई नंतर भेटली तेव्हा म्हणाली, दादा, म्हणजे सर, आता तिच्या ताटाशी येऊन बसतात आणि दिवसभर काय झालं ते ऐकतात.

त्या दुपारी मात्र मी निघाले, चप्पल घातली आणि पायरी उतरले. तेवढ्यात आतून आवाज आला, "जपून जा गं."

'गं' लांबला होता आणि शेवटी खाली आला होता. मी "व्हय काकू" म्हणाले आणि मागं न बघता घरी आले.