विहीणबाईंचे नियमितीकरण

घड्याळजींच्या परसात एक धामण राहत होती आणि याबद्दल कोणाचीही, काहीही तक्रार नव्हती.

घराच्या पुढच्या खोलीला रस्त्याकडे उघडणारी खिडकी होती, खिडकीत काचेची पेटी होती आणि पेटीमागे डोळ्याला भिंग लावून घड्याळजी लोकांची बंद पडलेली घड्याळे उघडून बसत. मागच्या दाराने उतरले की परस. तिथे फुटक्या कौलांचा ढीग, तळाला चीर गेलेली एक बादली, तरीही तिच्यात कसेबसे साचून राहणारे पाणी, आणि कोणी न लावता माजलेले गवत. एवढ्या ऐवजावर पाली, सरडे, बेडूक, उंदीर, एक जाडजूड घूस आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारी धामण, असा मोठा संसार गुण्यागोविंदाने चालला होता. गुण्यागोविंदाने म्हणजे, अधूनमधून ते एकमेकांना खात.

घड्याळजींच्या बायकोने धामणीला 'विहीणबाई' म्हणायला सुरुवात केली होती. "कधी येतील सांगता येत नाही, आल्या की कानाकोपऱ्यात डोकावतात, आणि आपल्याला 'जा' म्हणायची सोय नाही," असा तिचा खुलासा होता. खऱ्या विहीणबाई दूरच्या गावी असल्याने या नावाला कुठूनही हरकत आली नाही. कपडे वाळत घालायला बाहेर पडताना ती आधी टाळी वाजवी. "विहीणबाई, जरा सरका बघू." आणि धामण, आपण कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या इच्छेने सरकतो आहोत हे दाखवत, सावकाश कौलांखाली जाई. इतका समजूतदारपणा त्या गल्लीत दुसऱ्या कोणात नव्हता.

शेजारी साहेब राहत. ते कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाले होते. खाते कोणते ते आता त्यांनाही नीट आठवत नसे, पण 'साहेब' हा शब्द अंगाला चिकटून राहिला होता. एका सकाळी दात घासत ते मागच्या अंगणात आले, तेव्हा दोन घरांमधल्या भिंतीवर विहीणबाई ऊन खात पडल्या होत्या. साहेबांनी तोंडातला फेस गिळला.

"साप! घड्याळजी, साप!"

"धामण आहे साहेब. विषारी नसते," घड्याळजी धावत येऊन म्हणाले. "आमच्याकडेच असते ती."

"ते मला सांगू नका. भिंत सामाईक आहे. शेपूट तुमच्या बाजूला असेल, पण तोंड माझ्या हद्दीत होतं!"

साहेबांनी तक्रार केली. आयुष्यभर लोकांच्या तक्रारी दाबून ठेवल्यामुळे तक्रार कशी लिहिली की दाबता येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. लवकरच 'सरपटणारे प्राणी व तत्सम बाबी' या विभागाचा निरीक्षक घड्याळजींच्या दारात उभा राहिला. तो घरातून चालत मागच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथे थांबला. परसाची सगळी पाहणी त्याने उंबऱ्यावरूनच केली, तीही एक पाय आत ठेवून.

"साप कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? तिचा तिचा आहे," घड्याळजींची बायको म्हणाली.

"असं चालत नाही काकू. तुमचा असेल तर वन्य प्राणी पाळल्याचा गुन्हा होतो. तुमचा नसेल तर बेकायदा राहणाऱ्याला आसरा दिल्याचा होतो. मारलात तर मारल्याचा, आणि हाकललात तर छळाचा."

"मग आम्ही करायचं तरी काय?"

"मी आलोच नसतो तर काहीच करावं लागलं नसतं," निरीक्षक प्रामाणिकपणे म्हणाला. "पण आता आलोय म्हटल्यावर काहीतरी केलंच पाहिजे."

त्याच्या म्हणण्याप्रमाणे मार्ग एकच होता. 'मानव-सर्प सहजीवन' नावाचे नवे धोरण नुकतेच आले होते. त्याखाली धामणीचे नियमितीकरण होऊ शकत होते. "तुमचं सहजीवन उत्तमच आहे," तो म्हणाला. "फक्त ते अनधिकृत आहे."

"अहो, पण आम्ही इतकी वर्षं हेच करतोय. त्याला परवानगी कशाला?"

"करताय म्हणूनच तर."

घड्याळजी सरळ माणूस होते. सही केल्याने कटकट मिटते, असा त्यांचा समज होता. त्यांनी सही केली आणि घरावर पत्र्याचा हिरवा फलक लागला : 'येथे सहजीवन चालू आहे.' खाली घड्याळजींचे नाव अधिकृत सहजीवी म्हणून. फलकाचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले. मग लोक येऊ लागले. घड्याळ बंद नसलेले लोकही खिडकीशी येऊन वेळ विचारत आणि हळूच मागे डोकावत.

हे सगळे भिंतीपलीकडून पाहून साहेबांच्या मनात निसर्गप्रेम जागे झाले. वर्तमानपत्राचा माणूस पुन्हा आला तेव्हा तेच पुढे झाले. "तोंड माझ्या हद्दीत होतं, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय," ते म्हणाले. आठवडा उलटायच्या आत गल्लीची सहजीवन समिती स्थापन झाली, आणि अध्यक्ष कोण, असा प्रश्न कोणी विचारण्यापूर्वीच साहेब खुर्चीवर बसलेले होते.

गल्लीत आता साप नसणे हे कमीपणाचे झाले. ज्यांनी आपली अंगणे भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशीने बुजवली होती, त्यांना फरशीखालून फुसफुस ऐकू येऊ लागली. डॉक्टरीणबाईंनी आपल्याकडे नाग असल्याचे जाहीर केले आणि तो फक्त आपल्यालाच दिसतो, असेही सांगून टाकले. कोपऱ्यावरच्या वाण्याने बिचाऱ्याने सरडा असल्याचे कळवले, तेव्हा "सरडा काय, कुणाकडेही असतो," असे म्हणून त्याला गप्प बसवण्यात आले. "आमच्याकडे पाली आहेत, पण आम्ही त्यांना काही बोलत नाही," असे लोक, अनाथाश्रमाला पंखा दिल्याच्या सुरात, एकमेकांना सांगत.

घड्याळजींना हे सुरुवातीला अवघड वाटले आणि नंतर आवडू लागले. समितीने त्यांना छातीवर लावायला एक बिल्ला दिला. तो लावून ते खिडकीत बसत आणि येणाऱ्याला धामणीच्या गोष्टी सांगत. गोष्टी दिवसागणिक वाढत गेल्या. आधी धामण त्यांना ओळखत होती, मग ती हाक मारली की येऊ लागली, आणि पुढे पुढे तर दुपारी दुकान बंद करायची आठवणही तीच करून देऊ लागली.

"तुमचं घड्याळ फार पुढे धावायला लागलंय," बायको म्हणाली. "टाळी मी वाजवते, आणि हाक मारली की येते ती तुमच्याकडे होय?"

"लोकांना आवडतं अगं ऐकायला," घड्याळजी बिल्ला पुसत म्हणाले.

मग समिती पाहणीला आली. "परस फारच रानटी दिसतंय," साहेब म्हणाले.

"रानातलेच प्राणी राहतात ना तिथे," घड्याळजींची बायको म्हणाली.

पण समितीचे म्हणणे बिनतोड होते. पाहुण्यांच्या पायाला लागतील म्हणून कौले उचलली गेली आणि ती कुठे टाकायची हे न ठरल्याने पलीकडच्या कोपऱ्यात ढकलली गेली. कौलांच्या जागी गुळगुळीत फरशीचे, उतरत्या छपराचे, आत दिवा असलेले 'सर्पनिवास' बांधले गेले. साप दिसला पाहिजे म्हणून गवत कापले. पाहुण्यांना डास चावतात म्हणून बादली ओतून दिली आणि धुराची फवारणी केली. बेडूक गेले. घुशीने सर्पनिवासाचा पाया पोखरायला घेतला, तेव्हा तिच्यासाठी औषध ठेवले गेले. उंदरांनी तेच खाल्ले.

"अहो, ती बिचारी घूस तरी कशाला मारताय?"

"सहजीवन सापाशी आहे काकू. घूस योजनेत बसत नाही," निरीक्षक म्हणाला.

"मग विहीणबाई खाणार काय?"

"आहाराची तरतूद पुढच्या टप्प्यात आहे."

विहीणबाई दिसेनाशा झाल्या. घड्याळजींची बायको रोज कपडे घेऊन बाहेर पडे, टाळी वाजवी आणि काही हलते का पाहत थांबे. ओले कपडे हातावर थंड होत. मग ती ते दोरीवर टाकून घरात येई. त्या दिवसांत ती नवऱ्याशी फारसे बोलत नसे. त्यालाही दुकानात गर्दी असे.

शेवटी घड्याळजींनी भीत भीत निरीक्षकाच्या कानावर घातले. "ती गेली बहुतेक."

"गेली म्हणू नका," निरीक्षक दचकून म्हणाला. "दिसत नाही म्हणा. उद्घाटनाला खुद्द प्रमुख पाहुणे यायचेत. आमच्या दप्तरी ती तुमच्याकडेच आहे."

साहेबांनी याही अडचणीतून वाट काढली. उद्घाटनाच्या दिवशी सर्पनिवासात, दिव्याच्या उजेडात, रबराची एक सुबक धामण वेटोळे घालून बसली होती. ती खऱ्या धामणीपेक्षा कितीतरी शिस्तीची होती. कापलेल्या गवतावर मंडप पडला, खुर्च्या लागल्या, कोपऱ्यातल्या कौलांवर फळ्या टाकून व्यासपीठ झाले. प्रमुख पाहुणे आले, त्यांनी सर्पनिवासाची फीत कापली, आत वाकून पाहिले आणि "किती शांत आहे!" असे उद्गार काढले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. घड्याळजी पहिल्या रांगेत गुच्छ घेऊन बसले होते. त्यांनीही वाजवल्या. त्यांची बायको मागच्या दाराच्या उंबऱ्यावर उभी होती.

"साप हा आपला धाकटा भाऊ आहे," प्रमुख पाहुण्यांनी भाषण सुरू केले. "त्याचं घर मोडून आपण आपलं घर बांधलं, याची मला लाज वाटते..."

टाळ्यांनी व्यासपीठ हादरले आणि त्याच्या फळ्यांखालून विहीणबाई बाहेर आल्या.

त्या वाळल्या होत्या. अर्धी कात अंगावर तशीच चिकटून होती. पहिल्या रांगेसमोरच्या मोकळ्या जागेत येऊन त्या थांबल्या, कारण पुढे सगळीकडे पाय होते. पण क्षणातच ते पाय खुर्च्यांवर गेले. प्रमुख पाहुणे धाकट्या भावाला पाहून टेबलावर चढले. "मारा, मारा!" कोणीतरी ओरडले.

"थांबा!" निरीक्षक खुर्चीवरून गरजला. "आधी नोंदणीतला आहे की बाहेरचा, ते ठरू दे! नोंदणीतला असेल तर हात लावता येणार नाही!"

या शब्दांत असे काही वजन होते की सगळा मंडप गप्प झाला.

"आमचीच आहे ती!" उंबऱ्यावरून घड्याळजींची बायको ओरडली. "मी ओळखते तिला! वाट द्या, ती जाईल आपली आपण!"

"वहिनी, नोंद घड्याळजींच्या नावावर आहे," साहेब म्हणाले. "त्यांना सांगू द्या." आणि त्यांनी ध्वनिक्षेपक घड्याळजींच्या तोंडापुढे धरला.

घड्याळजींनी धामणीकडे पाहिले. तिने मान किंचित वर केली होती. त्यांना तिची ती ओळखीची, एवढीशी वाकडी शेपटी दिसली, मानेवरचा जुना व्रण दिसला. आणि मग त्यांना सर्पनिवासातली ती दुसरी दिसली. ही खरी म्हटली, तर ती कोण? पाहुण्यांनी आत्ताच कौतुक केले ते कोणाचे? साहेब टक लावून पाहत होते. निरीक्षकाने डोळे मिटून घेतले होते. सगळी गल्ली खुर्च्यांवर उभी राहून वाट बघत होती. घड्याळजींनी गुच्छ छातीशी धरला.

"नक्की... नक्की सांगता येणार नाही," ते म्हणाले. ध्वनिक्षेपक चांगला होता. ते सर्वांना स्पष्ट ऐकू गेले.

पुढचे फार वेळ चालले नाही. पोरांच्या फेरीसाठी आणलेले 'साप वाचवा'चे फलक मंडपात भिंतीला टेकवून ठेवले होते. त्यांचे दांडे चांगले मजबूत निघाले.

घड्याळजींची बायको उंबरा उतरून आली. तिने दोन्ही हातांनी विहीणबाईंना उचलले आणि खुर्च्यांच्या मधून ती चालत गेली. नवऱ्यापाशी ती थांबली नाही. लोकांनी तिला अदबीने वाट दिली, कपडे सावरून घेतले आणि ती पुरेशी लांब गेल्यावर प्रमुख पाहुण्यांनी टेबलावरून उतरून अर्धे राहिलेले वाक्य पूर्ण केले.

रीतसर चौकशी झाली. बाहेरचा एक साप कार्यक्रमात घुसल्याचे निष्पन्न झाले. नोंदणीकृत धामण सर्पनिवासात सुखरूप असल्याचे आढळले, आणि आदर्श सहजीवनाचा पुरस्कार गल्लीला मिळाला. घड्याळजींनी बिल्ला काढून ठेवला, पण का काढला हे विचारायला कोणी आले नाही. घरात जेवण वेळेवर होते, इस्त्रीचे कपडे जागेवर असतात. बायको त्यांच्याशी तेवढी बोलत नाही. कपड्यांची दोरी तिने पुढच्या दाराशी बांधून घेतली आहे.

ही हकिकत जिथे जिथे सांगितली जाते, तिथे ऐकणारे हळहळतात. घड्याळजींचा सगळ्यांना राग येतो. "मी असतो तर ठणकावून सांगितलं असतं, माझी आहे म्हणून," असे प्रत्येक जण सांगतो, आणि मनापासून सांगतो. फक्त सांगताना त्याचे दोन्ही पाय जमिनीवरून उचललेले असतात आणि नजर एकदा खुर्चीखाली जाऊन आलेली असते. तुमचे पाय सध्या कुठे आहेत, ते एकदा सावकाश बघून घ्या.