बाळापुरातला रासायनिक हल्ला

आखाडा बाळापुरावर बुधवारी सकाळी रासायनिक हल्ला व्हायचा होता, आणि मरायला एकही माणूस तयार नव्हता.

ग्रामसेवक कुलदीप राठोडच्या तोंडचं पाणी पळालं. महाविध्वंसक शस्त्रं जगभर पसरताहेत, उद्या कुणी विषारी वायू सोडला तर गावाने काय करावं, याची ती सरकारी रंगीत तालीम होती. तालीम फसली तर रजा विसरा, असं जिल्ह्याच्या साहेबांनी बजावलं होतं. आणि रविवारी पुसदकडच्या तांड्यावर कुलदीपच्या धाकट्या बहिणीचं, निलमचं लग्न होतं.

"गोजरबाई, नुसतं खोकायचं अन् आडवं व्हायचं," तो गयावया करत म्हणाला.

"जित्या माणसानं मढ्यावानी काहून निजावं? अन् मला खोकला न्हाई बाप्पा."

शेवटी भज्यांच्या लालचीने आठ-दहा जण चावडीपुढे जमले. साहेब पथक घेऊन आले, भोंगा वाजला. कुणी खोकलं नाही. गोजरबाई भजं खात साहेबांकडे टक लावून बघत राहिली.

"हे मेलेले का?" साहेबांनी विचारलं.

"मरून राहिले, सर. हळूहळू."

इतक्यात वारा फिरला. आधी साहेबांना ठसका लागला, मग ड्रायव्हरला, मग डॉक्टरांना. "खरा वायू! पळा!" म्हणत पथक जे सुटलं, ते मुखवटे जीपमध्येच विसरलं. साहेब अडखळले आणि नेमके मृतांसाठी चुन्याने आखलेल्या चौकोनात आडवे झाले.

मग मरायला बसलेल्यांनीच पथकाला वाचवलं. गोजरबाईने ओला पदर साहेबांच्या नाकाला लावला आणि तोंडात गुळाचा खडा कोंबला.

धुराचा माग काढत कुलदीप शेजारच्या अख्तरीचाचीच्या कांडप गिरणीत धावला. डोळे चोळत साहेबही मागोमाग पोचले. चाची भल्यामोठ्या कढईत सुक्या मिरच्या परतत होती.

"बंद करा, चाची! कुणाची हाये ही मिरची?"

"काहून बोंबलून राहिला, बेटा? सकाळी तूच टाकून गेला की! निलमच्या लग्नाची हाये, आजच पाहिजे, तिखट बराबर ठेवा म्हणला."

कुलदीपला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बहिणीची पाठवणी आता फोनवर बघायची, या विचाराने त्याला रडूच कोसळलं. धुरात ते खपून गेलं.

साहेबांनी कढईत डोकावून झटकन तोंड फिरवलं. "किती आहे?"

"दहा किलो, सर."

"जाणार कुठे?"

"पुसदकडं, सर. जिल्ह्याच्या बाहेर."

साहेबांनी रुमालात एक दणदणीत शिंक दिली.

"रजा आत्तापासून मंजूर. पण हा साठा आजच्या आज माझ्या हद्दीबाहेर गेला पाहिजे!"