शवासनातला आवाज

"आज कुणाचा मोबाइल वाजला ना, तर हॉल गेलाच समजा!" दुर्गाबाईंनी सकाळी सहालाच नवऱ्याला बजावलं. बडोद्यातल्या मांजलपूरच्या त्यांच्या सोसायटीचे चेअरमन श्रीपतराव आज या दोघांचा योगाचा क्लास बघायला येणार होते. पसंत पडला तर हॉल यांना, नाहीतर झुंबावाल्यांना.

हेरंबराव मात्र निवांत. त्यांनी ध्यानासाठी खास संगीत बनवलं होतं. बाथरूममध्ये उभं राहून दुर्गाबाईंनी गायलेलं 'शिव शिव', झऱ्याच्या नावाखाली तिथलाच गळका नळ, आणि वरून मोबाइलमधला गुहेचा घुमारा.

"नीट ऐकून बघितलंत ना?"

"माझा हात लागलाय गं, ऐकायचं काय त्यात?"

शवासन सुरू झालं. एरवी इथे पडल्यापडल्या उंधियूच्या रेसिपीच्या गप्पा. आज पंधराजण मुकाट डोळे मिटून पडले. टप्... टप्... शिव शिव... आणि एकदम कानाशी, घोगरं, कुजबुजतं:

"हलू नकोस. तो तुझ्या मागेच आहे."

टप्... टप्...

पाठ तर चटईला टेकलेली. मग मागे कोण? नाक खाजवायला निघालेला विमलबेनचा हात हवेतच थिजला. हेरंबराव बायकोच्या कानाशी वाकले.

"दुर्गा, हा कोण घुसला भजनात?"

"तुम्हीच!" बाई दात आवळून पुटपुटल्या. "मी गाताना माझ्यामागे उंदीर नव्हता निघाला? बंद करा ते!"

ते फोनकडे झेपावले, तोच दारात श्रीपतराव. समोर पंधरा देह, पापणी हलत नाही.

"वाह! असं ध्यान अख्ख्या बडोद्यात नाही हो. हॉल तुमचा! थांबा, मी पण पडतो."

"साहेब, आज नको..."

"का? मला नाही जमणार?" म्हणत ते आडवे झालेसुद्धा. संगीत संपून आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. दुर्गाबाईंनी मनातल्या मनात हॉलवर पाणी सोडलं.

"हलू नकोस. तो तुझ्या मागेच आहे."

श्रीपतरावांनी डोळे आणखी गच्च मिटले. मग वारलेल्या जुन्या चेअरमनना उद्देशून त्यांचा बारीक, रडवेला आवाज आला, "प्रतापराव, तुम्ही गेल्यावर बागेतली तुमच्या नावाची पाटी मीच काढली हो. आजच लावतो परत."

शेजारून विमलबेन, हात तसाच वर, वारलेल्या सासूला, "अने बा, तुमच्या छुंद्याची बरणी मांजरीने नाही, मीच फोडली."

दुर्गाबाईंनी नवऱ्याला हळूच खूण केली. आवाज वाढवा.