दोघांना एकदम सोडा

हंबीरराव सरांनी चौथ्यांदा समजावलं. "कॉम्प्युटरची भाषा एकच, पायथन. ती वाचून काम करणारी सॉफ्टवेअरं मात्र दोन. पांढऱ्या रश्श्याची कृती एक, आचारी दोन. कुणाचा रस्सा आधी होतो, एवढंच आपल्याला बघायचंय."

"मग साधा आचारी माझा," सम्राट म्हणाला. "न्हेमीचा, भरवशाचा."

"दुसरा, तो पायपाय, माझा," त्याची चुलतबहीण अनुजा म्हणाली. "नवा, चपळ."

इथंच सर चुकले. चाळीस वर्षं गणित शिकवूनही त्यांच्या लक्षात आलं नाही, की कोल्हापुरात दोन बाजू पडल्या की मोजमाप संपतं.

दुसऱ्या दिवशी दहाला शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं. मागच्या वर्षी अनुजाचा तक्ता 'आकडे मनाचे' म्हणून बाद झाला होता. यंदा एकेक आकडा खरा असेल, असं ती घरीदारी सांगत सुटली होती. तक्ता अजून कोरा होता.

पहिलं काम दिलं एक ते हजारची बेरीज. साधा जिंकला.

"तुझ्या पायपायला लंगोट बांधायलाच येळ लागतोय की," सम्राट म्हणाला.

"काम लहान हाय, सम्या. त्याला अंग तापवाय लागतं. व्हय की न्हाय, सर?"

"बरोबर. तो आधी काम बघतो, मग वेग घेतो. आता पन्नास कोटींपर्यंत बेरीज करू."

तेवढ्यात दोघांनी आपापला लॅपटॉप काढला. यंत्र एकच हवं, हे सरांनी शांतपणे सांगितलं. कुणाचं, यावर अर्धा तास गेला. शेवटी तिऱ्हाईत म्हणून आकारामच्या झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर ठरला.

"आता एकेक चालवू," सर म्हणाले.

"एकेक?" आकारामनं गिऱ्हाईक सोडून मान वळवली. "सर, एकट्यानं पळून काय कळतंय? दोघं एकदम सुटाय पायजेत. न्हायतर ती शर्यत कसली?"

"ही शर्यत नाही, आकाराम. एकाच वेळी चालवले तर एकमेकांच्या पायांत येतील."

"येऊ देत की. ताकद कळंल."

सर चष्मा पुसत होते तेवढ्यात आकारामनं दोन्ही सोडले. कॉम्प्युटर घुमू लागला. दोन्हींच्या जोडीला प्रिंटरही चालू होता. सम्राटनं टेबलफॅन आणून लावला, तर अनुजा म्हणाली, वारा तुझ्याच आचाऱ्याला लागतोय. मग पंखा मधोमध सरकवताना वायर निसटली आणि कॉम्प्युटर बंद पडला. रांगेतल्या सातजणांचे अर्धे भरलेले फॉर्म गेले.

"पावणं, शर्यत संपली काय?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

सरांनी दोन्ही मुलांना बाहेर बसवलं, आकारामला गिऱ्हाइकांकडे पाठवलं आणि रांगेतल्या सातजणांचे फॉर्म स्वतः भरून दिले. मग प्रिंटर बंद ठेवून एकेक सॉफ्टवेअर पाचपाचदा चालवलं. मोठ्या कामाला साध्यानं पाऊण मिनिट घेतलं, पायपायनं दोन सेकंदही नाही. लहान कामात पाचही वेळा साधाच पुढे. अनुजानं सगळे आकडे होते तसे तक्त्यावर उतरवले. सम्राटनं आकड्यांखाली रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात परीक्षकांनी तक्ता वरून खाली वाचला. "आकडे खरे दिसतात. पण जिंकलं कोण?"

"लहान कामात साधा, मोठ्या कामात पायपाय," अनुजा म्हणाली.

"असं गुळमुळीत नको, बाळ. एक नाव लिही, पहिला नंबर देतो."

अनुजानं हातातलं पेन खाली ठेवलं. "एक नाव खोटं हुतंय, साहेब."

"व्हय साहेब," सम्राट म्हणाला. "तिचाच जिंकला असं लिवलं असतं, तर म्या तरी ऐकलं असतं काय?"

परीक्षक शेजारच्या सौंदर्याच्या पवनचक्कीकडे वळले. सरांनी मनातल्या मनात दुसरा नंबरही सोडून दिला.

दुपारी निकाल वाचला गेला. "पहिला नंबर," परीक्षक माइकवर खाकरले, "अनुजा-सम्राट आणि पवनचक्कीवाली सौंदर्या यांना विभागून. निवड फार अवघड होती."

टाळ्या थांबल्या तसा सम्राट उभा राहिला.

"साहेब, असं गुळमुळीत नको. एक नाव सांगा."

परीक्षकांनी आशेनं हंबीररावांकडे पाहिलं. सर पिशवीत तोंड घालून रुमाल शोधत होते.